पदभार आणि कायद्याची फाइल : आरोग्यविमा व्यावसायिकांच्या स्थानिक संघटनेतील नेतृत्वबदल

जिल्हा किंवा शहर पातळीवर काम करणाऱ्या आरोग्यविमा व्यावसायिकांच्या संघटनेत ठरावीक वर्षांनी कार्यकारिणी बदलते आणि हा बदल बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण सभेतील निवड, पदग्रहण समारंभ आणि स्थानिक वर्तमानपत्रातील सचित्र बातमी एवढ्यावर आटोपतो. प्रत्यक्षात मात्र या एका बदलात दोन निराळी हस्तांतरणे दडलेली असतात. त्यांपैकी पहिले अधिकाराचे असून त्यात सही, बँक खाते, दप्तर आणि शासकीय नोंद येते. दुसरे ज्ञानाचे असून विमाविषयक कायदे, नियामकाचे आदेश आणि करातील बदल यांची जी माहिती मावळत्या पदाधिकाऱ्यांनी जमवलेली असते, ती त्यात येते. पहिले हस्तांतरण अपुरे राहिले, तर बँक किंवा धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय ते कधी ना कधी लक्षात आणून देते. दुसरे अपुरे राहिल्याचे कोणी लक्षात आणून देत नाही आणि त्याची झळ सदस्याच्या ग्राहकाला, तीही बहुधा रुग्णालयातून घरी सोडण्याच्या वेळी, बसते.

अशा संघटनेचे सदस्य कोण असतात, हे आधी स्पष्ट असावे. विमा प्रतिनिधी, म्हणजे रूढ भाषेत एजंट, हा विमा कंपनीने नेमलेला विक्रेता असतो. २०१५ च्या कायदादुरुस्तीपर्यंत त्याला नियामकाच्या नावाने परवाना मिळत असे. त्यानंतर त्याची नेमणूक थेट कंपनी करते, आणि २०१६ च्या विनियमांनुसार त्याला एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक केवळ आरोग्यविमा विकणारी कंपनी अशा प्रत्येक प्रकारातील एकेका कंपनीचेच काम करता येते. ब्रोकर हा याउलट ग्राहकाच्या बाजूने अनेक कंपन्यांच्या पॉलिसी मांडणारा मध्यस्थ असतो. टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमची कागदपत्रे तपासणारी त्रयस्थ संस्था, ही तिसरी बाजू आहे. एकाच संघटनेत हे सर्व सदस्य असू शकतात. परंतु ज्या संघटनेचा सरचिटणीस एखाद्या टीपीएचा नोकरदार असेल, तिने त्याच टीपीएविरुद्धच्या तक्रारी कोणी हाताळाव्यात हे निवडणुकीपूर्वीच ठरवलेले बरे. असा ठराव मतमोजणीनंतर आणला तर तो व्यक्तीविरुद्ध वाटतो, आधी आणला तर नियम ठरतो.

नोंद, सही आणि हिशोब

नव्या अध्यक्षाने पहिल्याच आठवड्यात संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि मूळ घटना, म्हणजे नियमावली, स्वतः वाचावी, कारण बदलाची कायदेशीर पद्धत संस्थेच्या नोंदणीच्या प्रकारावर अवलंबून असते. महाराष्ट्रात अशा संस्था सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदवल्या जातात आणि विमा-साक्षरता किंवा प्रशिक्षण यांसारखी लोकोपयोगी उद्दिष्टे असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही त्यांची नोंद होते. दुहेरी नोंदणी असलेल्या संस्थेस दोन्ही कायद्यांतील कर्तव्ये पाळावी लागतात. पहिल्या कायद्याच्या कलम ४ नुसार दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर व्यवस्थापक मंडळाच्या सदस्यांची यादी निबंधकाकडे पाठवावयाची असते. दुसऱ्याच्या कलम २२ नुसार विश्वस्त किंवा पदाधिकारी यांच्यात झालेला बदल, तो झाल्यापासून ९० दिवसांच्या आत, बदल अर्जाद्वारे, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात त्याद्वारे, उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांना कळवावयाचा असतो. गोव्यात १८६० चा कायदा लागू असला तरी महाराष्ट्राचा विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू नाही, म्हणून कोकणपट्टीत दोन्ही राज्यांचे सदस्य असलेल्या संघटनेने एकाच नमुन्यावर विसंबू नये.

बदल अर्ज रखडण्याची कारणे क्वचितच गहन असतात. घटनेत सभेची सूचना पंधरा दिवस आधी द्यावी असे लिहिलेले असते आणि ती व्हॉट्सॲपवर आठ दिवस आधी गेलेली असते. गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, झाली होती हे दाखवणारे सह्यांचे पान हरवलेले असते. मावळत्या पदाधिकाऱ्याचा राजीनामा तोंडी असतो आणि नव्याचे संमतिपत्र घ्यायचे राहून गेलेले असते. यासाठी सभेची सूचना, ती पाठवल्याचा पुरावा, उपस्थितीपत्रक, सूचक व अनुमोदक यांच्या नावांसह लिहिलेले इतिवृत्त, राजीनामे आणि संमतिपत्रे यांचा संच सभेच्या दिवशीच तयार करून त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात. मुदत उलटून गेल्यास विलंब माफ करण्याची विनंती पुरेशा कारणासह करता येते, परंतु मागील तीन कार्यकारिणींचे बदल नोंदवायचेच राहिले आहेत असे आढळणाऱ्या संस्थाही कमी नाहीत. अशा वेळी आधीचे बदल कालक्रमाने नोंदवून घेतल्याशिवाय शेवटचा बदल मार्गी लागणे अवघड असते, म्हणून नव्या कार्यकारिणीने परिशिष्ट १ चा ताजा उतारा, म्हणजे कार्यालयाच्या नोंदवहीत आज कोणाची नावे आहेत हे दाखवणारा दस्तऐवज, सर्वांत आधी मागवावा. त्यावर दहा वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांचे नाव दिसले तर दचकू नये, कामाला लागावे.

संघटनेची उद्दिष्टेच बदलावयाची असतील, उदाहरणार्थ केवळ एजंटांसाठी असलेली संस्था ब्रोकर आणि रुग्णालयांतील विमा-कक्षाच्या कर्मचाऱ्यांसाठीही खुली करून तिच्या हेतूंची व्याप्ती वाढवावयाची असेल, तर साधा बहुमताचा ठराव पुरत नाही. १८६० च्या अधिनियमातील कलम १२ नुसार प्रस्ताव विशेष सभेच्या दहा दिवस आधी सदस्यांना पोहोचवावा लागतो, त्यास तीन-पंचमांश मते मिळावी लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दुसऱ्या विशेष सभेत तितक्याच बहुमताने तो कायम करावा लागतो. पदग्रहणाच्या उत्साहात ‘नवे व्यापक स्वरूप’ जाहीर करणाऱ्या अध्यक्षांनी हे कलम भाषण लिहिण्यापूर्वी वाचावे.

हिशोबाच्या बाबतीत अडचण कालगणनेची असते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, लेखापरीक्षण त्यानंतरच्या सहा महिन्यांत व्हावयाचे असते आणि निवडणुका बहुधा याच मधल्या काळात होतात, त्यामुळे जुन्या खजिनदाराच्या खर्चावर नव्या खजिनदाराची सही होण्याचा प्रसंग येतो. यावर उपाय असा की, निवडीच्या तारखेचा बँक-उतारा, रोकड शिल्लक, येणी-देणी आणि पावती पुस्तकांचे अनुक्रमांक यांचे एक पानी पत्रक दोघांच्या सह्यांनी करावे. करविषयक एक बारकावाही येथे सांगणे आवश्यक आहे. सदस्यांनी एकमेकांसाठी जमवलेल्या वर्गणीला आयकराच्या दृष्टीने ‘परस्परता’ या तत्त्वाचा आधार मिळतो, म्हणजे स्वतःच्याच पैशातून स्वतःला नफा होऊ शकत नाही असे मानले जाते. मात्र परिसंवादासाठी विमा कंपनीने दिलेली प्रायोजकत्वाची रक्कम बाहेरून आलेली असल्याने ती या तत्त्वात बसत नाही आणि तिचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा आयकर अधिनियम, २०२५ ने घेतली असल्याने जुन्या कलम-क्रमांकांवर बेतलेले संस्थेचे नमुने आणि पत्रे सनदी लेखापालाकडून तपासून घेणे हे नव्या खजिनदाराचे पहिल्या तिमाहीचे काम ठरते.

बँकेच्या सह्या बदलल्या की अधिकार हाती आला, असा समज असतो; पण आजच्या संस्थेचे अर्धे दप्तर मोबाइलमध्ये असते. बँकेचा ओटीपी कोणाच्या क्रमांकावर येतो, आयकर आणि जीएसटीच्या संकेतस्थळांवर कोणाचा ई-मेल नोंदवलेला आहे, सदस्यांच्या व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिन कोण आहेत, सदस्य-यादी कोणाच्या वैयक्तिक खात्यात साठवलेली आहे, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत आणि शक्य तेथे व्यक्तीच्या नावाऐवजी पदाच्या नावाचा ई-मेल व संस्थेच्या मालकीचे सिमकार्ड वापरावे. यालाच जोडून एक सवय मोडणे अगत्याचे आहे. क्लेम अडकला की ग्राहकाचे डिस्चार्ज कार्ड, तपासणी अहवाल आणि पॉलिसी यांची छायाचित्रे नावानिशी शेकडो सदस्यांच्या गटात टाकून ‘काय करता येईल?’ असे विचारले जाते. वैयक्तिक डिजिटल विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील कर्तव्ये टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याची वाट न पाहताही, रुग्णाचे नाव, चेहरा आणि आजार ज्या कागदावर एकत्र दिसतात तो कागद गटात टाकू नये, असा नियम नव्या कार्यकारिणीने पहिल्याच बैठकीत करावा.

कोणता कागद किती वजनाचा

ज्ञानाच्या हस्तांतरणासाठी आधी कायद्याची उतरंड समजून घ्यावी लागते, कारण सदस्यांपर्यंत पोहोचणाऱ्या ‘नवा नियम आला’ या एकाच वाक्याखाली पाच वेगवेगळ्या वजनांचे कागद असू शकतात. सर्वांत वर संसदेने केलेला अधिनियम असतो; विमा क्षेत्रासाठी विमा अधिनियम, १९३८ आणि भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण अधिनियम, १९९९ हे मूळ कायदे होत. त्यांनी दिलेल्या अधिकारात प्राधिकरण, म्हणजे आयआरडीएआय, जे नियम राजपत्रात प्रसिद्ध करते त्यांना विनियम म्हणतात. विनियमांचा तपशील एकत्रितपणे सांगणाऱ्या आदेशास मास्टर परिपत्रक म्हणतात आणि त्याखाली एखाद्या विषयापुरती सुटी परिपत्रके येतात. सर्वांत खाली कंपनीचे स्वतःचे पॉलिसी-शब्दांकन आणि शाखेकडून आलेली सूचना असते. शाखा व्यवस्थापकाने सांगितलेली गोष्ट विनियमाशी विसंगत असेल तर विनियम वरचढ ठरतो. पण हे सांगण्यासाठी विनियम हाताशी असावा लागतो आणि नेमका तोच मावळत्या सरचिटणीसांच्या जुन्या फोनमध्ये राहिलेला असतो.

गेल्या काही वर्षांतील बदल पाहिले की ही उतरंड सवयीची होते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या विमा उत्पादनविषयक विनियमांनी आधीपासूनच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर ज्या मुदतीत त्या आजाराचा क्लेम मिळत नाही ती मुदत, ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. याच विनियमांनी ‘मोरॅटोरियम’ची मुदत आठ वर्षांवरून ६० महिन्यांवर आणली. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर, माहिती दडवली किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीस क्लेम नाकारता येत नाही, मात्र फसवणूक सिद्ध झाल्यास हे संरक्षण मिळत नाही, असा या शब्दाचा अर्थ आहे. विमाराशी मध्येच वाढवली असेल तर वाढीव रकमेसाठी ही मुदत वाढीच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. हा तपशील ग्राहकाला न सांगता ‘पाच वर्षांनंतर काहीही नाकारता येत नाही’ असे सांगणारा एजंट अर्धसत्य विकत असतो. विमा अधिनियमातील कलम ४५ ची तीन वर्षांची मुदत आरोग्यविम्याला लावण्याची चूकही अनुभवी सदस्यांकडून होते. ते कलम आयुर्विम्यापुरते आहे.

२९ मे २०२४ च्या आरोग्यविमाविषयक मास्टर परिपत्रकाने आधीची ५५ परिपत्रके रद्द केली. रद्द झालेल्या परिपत्रकांचे दाखले देणारी जुनी प्रशिक्षण-पुस्तिका अजूनही संघटनेच्या कपाटात असेल, तर ती बाजूला काढणे हेच ज्ञान-हस्तांतरणाचे पहिले पाऊल होय. कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा आणि रुग्णालयाने डिस्चार्जची अंतिम विनंती पाठवल्यानंतर तीन तासांत मंजुरी द्यावी, उशिरामुळे रुग्णालयाने काही जादा आकारणी केल्यास ती कंपनीने सोसावी, अशी तरतूद याच परिपत्रकात आहे. ग्राहकाच्या दृष्टीने इतकी उपयोगी तरतूद दुसरी क्वचितच असेल. तरीही तिचा वापर करण्यासाठी रुग्णालयाने अंतिम कागदपत्रे किती वाजता पाठवली याची नोंद लागते, आणि ती घेण्याची सवय सदस्यांना लावणे हे संघटनेचे काम आहे. पॉलिसी परत करण्याची मुदत, जिला फ्री-लूक म्हणतात, ती २०२४ मध्ये १५ दिवसांवरून ३० दिवस झाली. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असल्यास प्राधिकरणाशी आधी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. हा आदेश सुट्या परिपत्रकाच्या जातीचा आहे आणि त्याने हप्तावाढीवर सरसकट बंदी घातलेली नाही, हे सदस्यांना नीट समजावून द्यावे लागते.

अधिनियमाच्या पातळीवर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने विमा कायद्यांत दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले आणि विमा कंपन्यांतील परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ वरून १०० टक्क्यांपर्यंत नेली. एकाच कंपनीस आयुर्विमा व सर्वसाधारण विमा दोन्ही विकू देणारा संमिश्र परवाना मात्र, त्याची चर्चा दीर्घकाळ होऊनही, त्यात आला नाही. स्थानिक संघटनेच्या दृष्टीने येथे धडा असा की, चर्चेतील प्रस्ताव आणि संमत कायदा यांची पाने नोंदवहीत वेगळ्या रंगाची असावीत. अन्यथा दोन वर्षांपूर्वीचा मसुदा हाच कायदा समजून व्याख्याने होत राहतात.

करातील बदलाने सदस्यांच्या खिशाला थेट हात घातला. जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयानुसार वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला. कुटुंबासाठीच्या फ्लोटर आणि ज्येष्ठांच्या वैयक्तिक पॉलिसी यात येतात, कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी घेतात ती समूह पॉलिसी येत नाही. करमाफीची दुसरी बाजू अशी की, कंपनीला स्वतःच्या खर्चावरील कराची वजावट मिळेनाशी होते, आणि हा भार कमिशनमधून वळता करण्याची भूमिका काही कंपन्यांनी घेतली. ग्राहकाला आनंदाची बातमी सांगणाऱ्या एजंटाच्या उत्पन्नात त्याच महिन्यात घट होणे हा या व्यवसायातील विचित्र योग होय. अशा वेळी कंपनीच्या पत्रात नेमके काय लिहिले आहे, ते प्रतिनिधीच्या करारातील कोणत्या अटीवर आधारले आहे आणि किती सदस्यांना कोणत्या दिनांकापासून त्याचा फटका बसला आहे, याची नोंद ज्या संघटनेकडे असेल तिच्याच निवेदनाला वजन येते.

केंद्रीय कायद्यांच्या गर्दीत राज्याचे नियम दुर्लक्षित राहतात, आणि लहान शहरांतील सदस्यांना नेमके तेच अधिक लागतात. पॉलिसीतील ‘रुग्णालय’ या संज्ञेत नोंदणी नसलेल्या रुग्णालयासाठी खाटांची किमान संख्या दिलेली असते : दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावी १० आणि इतरत्र १५. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले. तालुक्याच्या गावातील एखाद्या दवाखान्याच्या नोंदणीचे नूतनीकरण झालेले नाही ही बाब क्लेमच्या वेळी प्रथमच कळण्यापेक्षा, संघटनेने आपल्या क्षेत्रातील रुग्णालयांची यादी वर्षातून एकदा तपासून सदस्यांना देणे केव्हाही सोयीचे. त्याचप्रमाणे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढल्याने आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत स्थान मिळाल्याने, या शासकीय योजना आणि खासगी पॉलिसी यांची सांगड ग्राहकाने कशी घालावी हा प्रश्न रोजचा झाला आहे. विक्रीच्या भीतीने शासकीय योजनेविषयी मौन पाळणारा एजंट ग्राहकाचा विश्वास गमावतो, असे मानण्यास पुरेसे कारण आहे.

नोंदवही आणि तिचा सांभाळ

या सर्वांसाठी संघटनेत कायदा-समन्वयक असे एक पद असावे आणि त्याची मुदत कार्यकारिणीच्या मुदतीशी मुद्दाम जुळू नये, म्हणजे अध्यक्ष बदलताना समन्वयक जागेवर असतो व समन्वयक बदलताना अध्यक्ष. रोटरी क्लबांत पुढील वर्षाचा अध्यक्ष आधीच निवडून त्याला वर्षभर तयार करण्याची जी पद्धत आहे, ती विमा संघटनांनी घेण्याजोगी आहे. या समन्वयकाकडील नोंदवहीत प्रत्येक बदलाची जात, निघाल्याची तारीख, लागू होण्याची तारीख, तो नव्या पॉलिसींना लागू आहे की चालू पॉलिसींनाही नूतनीकरणापासून लागू होतो, त्यामुळे कोणता जुना आदेश रद्द झाला, आणि मूळ दस्तऐवज कोठे ठेवला आहे, एवढे असावे. त्याखाली चार-पाच वाक्यांत मराठी सार आणि ते कोणी वाचून तपासले त्याचे नाव असावे. सार लिहिणारा आणि तपासणारा एकच असू नये. सदस्यांना पाठवावयाचा मजकूर या साराबाहेर जाऊ नये, आणि प्राधिकरणाच्या किंवा राजपत्राच्या मूळ प्रतीशी ताडून न पाहिलेला संदेश संघटनेच्या नावाने पुढे जाऊ नये, हा नियम कडक वाटला तरी सोयीचा आहे. चुकीचा संदेश मागे घेण्याचे काम तो पाठवण्याहून फार मोठे असते.

नोंदवहीचा खरा उपयोग निवेदन देताना होतो. प्राधिकरण विनियमांचे मसुदे सूचनांसाठी प्रसिद्ध करते आणि त्यावर कोणीही ठरलेल्या मुदतीत अभिप्राय पाठवू शकतो, परंतु स्थानिक संघटना बहुधा मसुदा अंतिम झाल्यावर निषेधाचा ठराव करतात. ‘एजंटांवर अन्याय’ अशा मथळ्याच्या दोन पानी पत्रापेक्षा, मसुद्यातील अमुक परिच्छेदात अमुक शब्द बदलावा आणि न बदलल्यास तालुका पातळीवरील ग्राहकाला कोणती अडचण येईल हे तारीखवार उदाहरणांनी सांगणारे एक पान अधिक उपयोगी पडते. उदाहरणांत ग्राहकांची नावे नसावीत. खासदारांना भेटावयाचे असेल तर विधेयक समितीपुढे असतानाची वेळ साधावी.

सामूहिक कृतीला मात्र मर्यादा आहे, आणि नव्या, उत्साही कार्यकारिणीस ती माहीत असणे आवश्यक आहे. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार व्यावसायिकांच्या संघटनेने घेतलेले स्पर्धेला मारक निर्णयही कायद्याच्या कक्षेत येतात, आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर भारतीय स्पर्धा आयोगाने अशा कारणांवरून कारवाई केलेली आहे. अमुक कंपनीने कमिशन कमी केले म्हणून कोणत्याही सदस्याने तिची पॉलिसी विकू नये असा बंधनकारक ठराव करणे, किंवा तो मोडणाऱ्या सदस्यास दंड करणे, हे या दृष्टीने धोक्याचे आहे. माहिती जाहीर करणे, नियामकाकडे तक्रार करणे, कंपनीशी चर्चा करणे हे मार्ग खुले आहेत. त्याच न्यायाने विमा अधिनियमाचे कलम ४१, जे कमिशनमधील वाटा ग्राहकाला सूट म्हणून देण्यास मनाई करते आणि ज्याच्या भंगासाठी २०१५ च्या दुरुस्तीनंतर दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली, ते संघटनेच्या आचारसंहितेत शब्दशः असावे, कारण सदस्यांतील बहुतेक भांडणे अखेर याच एका विषयापाशी येतात.

ग्राहकाची तक्रार पुढे नेतानाही सदस्याने आपली जागा ओळखावी. कंपनीकडे लेखी तक्रार, तिचे समाधान न झाल्यास प्राधिकरणाचे ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळ आणि त्यापुढे विमा लोकपाल, हा क्रम आहे. महाराष्ट्रात मुंबई व पुण्यासह काही शहरांत लोकपालांची कार्यालये आहेत, त्यांच्याकडे ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे चालतात आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तेथे जावे लागते. तेथे तक्रार ग्राहकाने स्वतः किंवा त्याच्या वारसाने, नामनिर्देशिताने वा हस्तांतरिताने करावयाची असते. वकील किंवा एजंट यांनी त्याच्या वतीने उभे राहण्याची सोय नाही. संघटनेने तक्रारीचा मराठी नमुना आणि कागदपत्रांची यादी तयार ठेवावी व तेथेच थांबावे; शुल्क घेऊन क्लेम मिळवून देणाऱ्यांच्या पंगतीत तिचे नाव जाऊ देऊ नये.

पदाधिकारी कसे असावेत हे शेवटी सदस्यच ठरवतात, आणि त्यासाठी सभेला येण्याआधी वर्गणीची पावती पाहणे हिताचे, कारण १८६० च्या अधिनियमातील कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली आहे, त्याला मतदानाचा हक्क नाही आणि त्याची गणना सदस्यांतही होत नाही.